डाळीचं पाणी

मी आन माह्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाफ्यावरचं कुटार उचललं. घराच्या मागं, कढीपत्त्याच्या झाडापाशी तिचा वांग्याच्या रोपाचा वाफा होता. माघाची थंडी होती म्हणून बी टाकल्यावर तिनं वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, अंथरलं होतं. त्या दिवशी ऊन कलल्यावर ती वाफ्यापाशी उकिडवी बसली, बोटानं कुटार जरासं उचलून पाहिलं आन म्हणे, "या हो, निंगालं."

मी बिडी विझवली आन गेलो. एका बाजूनं ती उचले, दुसऱ्या बाजूनं मी. माह्या हातानं कुटारासंगं एक कोंबही उपटून आला. तिनं माह्या मनगटावर चापट मारली.

"नांगर धरून राह्यले का? लेकराच्या अंगावरचं पांघरून काढतात तसं काढा."

"लेकराचं पांघरून मी कवा काढलं?"

"तेच म्हनून राह्यली मी."

कोंब सारे मान वाकवून उभे होते. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल तसंच टोपीसारखं बसलेलं. ती एकाही टोपीले हात लावत नव्हती आन मलेही लावू देत नव्हती. "थे आपल्या हातानं काढतात," म्हणे. सारं कुटार निघालं, तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली. घरात जाता जाता, माह्याकडं न पाहता बोलली, "उद्या सकाळच्या गाडीनं मी बह्यनीकडं रिठदले जाऊन राह्यली. दोन दिवस लागतीन. रोपाले डाळीचं पानी देजा. बोरचं नोका देऊ."

मी "बरं" म्हटलं. जास्तीचं विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. ती सांगे, मी बरं म्हणे, आन मग ती स्वतःच करून टाके.

सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आन तिथंच गॅसपाशी खाली बसली. मले वाटलं साखरेचा डबा काढून राह्यली. आधण उतू गेलं तरी ती उठली नाही. डॉक्टर आला तवा त्याले करण्यासारखं काही राह्यलं नव्हतं. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. मले रोपाचंच लिहायचं आहे.

ते रोप साधं नव्हतं. आमच्या किन्हीराजाच्या बाजूले वांगे सारेच लावतात, पण तिचं वांगं तिनं लग्नात माहेरून आणलेलं. ठेंगणं, पांढऱ्या रेघांचं, देठाले काटे असे की तोडताना शिव्या निघाव्या. भाजलं की आतून लोण्यासारखं. दरसाल ती एका झाडावर एक चांगलं फळ पिवळं पडेपर्यंत ठेवी, त्याचं बी काढी, राखेत चोळी आन फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तुरीच्या कोठीत ठेवी. मागच्या साली झाडं आजारली, बी धरलं नाही. पुरचुंडीत होतं ते जुनं बी. यंदा ती म्हणे, "आता ठेवून फायदा नाई, सारंच टाकते." सारं टाकलं. म्हणजे त्या वाफ्यात होतं तेवढंच. ते गेलं त ते वांगं गेलं. दुकानात भेटत नाही, दुसऱ्या कोणाजवळ नाही, तिच्या माहेरीही आता कोणी लावत नाही.

तिच्या मातीवरून आल्यावर अंघोळ केली, ओट्यावर बसलो, तवा मले एकदम वाफा आठवला. माणसं अंगणात बसलेली. मी उठून मागं गेलो. माती वरून सुकली होती. कोंबांनी माना सरळ केल्या होत्या आन दोन दोन पानं उघडली होती. मेल्या घरात तेवढंच एक वाढून राह्यलं होतं.

पोरगी अकोल्याहून आलेली. ती माह्यामागं आली आन नळाची नळी धरून म्हणे, "बाबा, सोडू का पानी?"

"नाई. डाळीचं द्याचं सांगतलं तिनं."

"डाळीचं म्हनजे?"

"डाळ धुतल्यावर निंगते ते."

हे मी तिले ठासून सांगतलं, कारण माह्या मनात दुसरा अर्थ आलाच नव्हता. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आमची बाई कधी मोरीत ओतत नसे. कढीपत्त्याच्या बुडाशी नेऊन टाके. ते झाड कसं माजलं होतं, ते मी रोज पाहत होतो. झाडाले चालते त रोपाले काहून चालणार नाही? रोपासाठी ती खास सांगून गेली म्हणजे त्यात कस असलाच पाहिजे, असं मले वाटलं.

पण सुतकात आमच्या घरी चूल कुठं पेटत होती? डबे येत होते भावकीतून. डाळ नाही त डाळीचं धोवण कुठलं? मी डोलची घेतली आन शेजारी चुलतभावाच्या घरी गेलो. वयनी दारातच डाळ निवडत बसली होती.

"वयनी, डाळ धुतली की पानी फेकू नोका. मले देजा."

वयनीनं माह्याकडं पाहिलं. "कायले?"

"रोपाले."

ती उठून आत गेली. तिनं धुतलेल्या डाळीचं पाणी डोलचीत ओतून देल्लं. मग मी रोजच जाऊ लागलो. एका घरचं पुरत नव्हतं त पलीकडच्या घरीही गेलो. डोक्याले पंचा, हातात डोलची, दारोदार धोवण मागत फिरणारा म्हातारा. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. हॉटेलवर कोणी तरी म्हणालं म्हणे, बायको गेली आन गडी बह्याडला. माह्या कानावर आलं. मी म्हटलं, म्हणा. रोप जगलं पाहिजे.

ज्या दिवशी कोणाकडं डाळ नसे, त्या दिवशी मी अडे. बोरचं द्यायचं नाही, हे तिनं सांगतलेलं. नळाच्या पाण्याले पावडरचा वास मारे. आमची विहीर बोर झाल्यापासून कोणी उपसलीच नाही, त्यात पारवे मरून पडतात. मी नळाचं पाणी बादलीत घेऊन वाफ्यापाशी बसे आन वास घेत राहे. द्यावं का नाही? पाणी पाण्यासारखंच दिसते. तांब्यात घेतलं त सारखं, उन्हात धरलं त सारखं. त्या कोंबांले त्यात काय लागते हे मले काय कळणार? मी आयुष्यभर वावरात मोटर चालू केली आन पाणी सोडलं. पाणी म्हणजे पाणी. किती आलं ते पाहायचं, कसं आलं ते कधी पाहिलं नाही. शेवटी थोडं शिंपडे आन मग दुसऱ्या दिवसापर्यंत जिवाले घोर.

आधी मुंग्या आल्या. मग माशा. मग वाफ्यातून आंबट वास येऊ लागला, ताक फार दिवस ठेवलं की येते तसा. एके दिवशी पाहिलं त मातीवर कापसाच्या पेळूसारखं पांढरं पसरलेलं, आन कोपऱ्यातलं रोप आडवं. उचलून पाहिलं. मानेपाशी दोऱ्यासारखं बारीक झालेलं. पान हिरवंच होतं. पान हिरवं आन मान मेलेली.

मले वाटलं, पाणी कमी पडून राह्यलं. मी धोवण आणखी वाढवलं.

बसायले लोक येत. आमच्याकडं येऊन नुसतं बसतात, बोलत नाहीत, ते चांगलं आहे. पण मले बसवत नसे. कोणी तिची आठवण काढे आन माह्या डोळ्यापुढं आडवी पडलेली रोपं येत. मी लघवीचं निमित्त करून मागं जाऊन येई. परत येऊन बसलो की आधी जेवढे आडवे होते त्याच्यात अजून किती भर पडली, तेच मनात. समोरचा माणूस म्हणे, "लय चांगली बाई होती." मी "हाव" म्हणे. माह्या मनात, ती चांगली होती आन तिनं सांगतलेलं एक काम माह्यानं होऊन नाही राह्यलं.

पोरगीनं एकदा वाफा पाहिला आन म्हणे, "बाबा, नर्सरीत ट्रेमधलं रोप भेटते. तेच आनू आपन. जोमाचं असते."

"ते वांगं ह्या वांग्यासारखं नाई."

"वांगं वांगंच असते, बाबा."

मी तिच्याकडं पाहिलं. तिचं तिलेच काय झालं कोणास ठाऊक, तिनं पदर तोंडाले लावला आन घरात निघून गेली. तिच्या मनातही ते वांगं नव्हतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले, पोरगीही गेली. आमच्या बाईची थोरली बहीण, रिठदची, तेवढी राह्यली. म्हणे, "चूल पेटवून देते, घर सुरू करून देते, मंग जाते." ही बाई माह्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, बोलायले फटकळ. कुकरच्या शिट्टीचं तिले भेव, म्हणून तिनं गंजात, उघड्या पातेल्यात, डाळ टाकली आन गॅसवर ठेवली. मी ओट्यावर होतो. बराच वेळ झाला. गंज रटरटत होता. पळी आपटल्याचा आवाज आला.

"जवाईबुवा, हे कोनतं पानी भरून ठेवलं?"

"बोरचं."

"तेच म्हनलं. डाळ गोटा राह्यली. हे डाळीचं पानी नोहे. डाळीचं पानी कुठं ठेवे आमची बाई?"

माह्या हातातली बिडी तशीच राह्यली. मी उठून दारात गेलो.

"डाळीचं पानी म्हंजे?"

"ज्यात डाळ शिजते थे. अजून काय?"

मी तिले सारं सांगतलं. काय सांगून गेली ती, आन मी काय केलं. ती पळी हातात धरून ऐकत राह्यली. मग मागच्या दारानं वाफ्यापाशी गेली, वाकली, वास घेतला.

"धोवन टाकलं तुमी ह्याच्यावर?"

"हाव."

"रोज?"

"रोज. लोकाच्या घरून मांगून आनलं."

ती पायरीवर बसली आन तोंडाले पदर लावला. खांदे हालून राह्यले होते. हसून राह्यली का रडून राह्यली, मले काही कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मग डोळे पुसून म्हणे, "आमच्या मायच्या घरी दोन पानी राहत. एक वापराचं, एक डाळीचं. डाळीचं पानी वेगळ्या घागरीत. थेच बाळंतिनीले, थेच तान्ह्या लेकराले, थेच रोपाले. ज्या जड पान्यात डाळ शिजत नाई, थे पानी कवळं मूळ पीन कसं? इतके वर्षं वरन खाल्लं तुमी, कोन्या पान्यात शिजते थे नाई पाहिलं?"

"वरन पाहिलं."

"मंग आता कुठचं थे पानी, मले काय माहीत. घर तुमचं, गाव तुमचं."

तिनं माह्या हातात खुरपं देल्लं. मेलेलं रोप काढा, पांढरं झालेली माती वरवर खरवडा, राख भुरका आन उद्यापर्यंत थेंब नोका टाकू, म्हणे. मी ते केलं. राह्यलेली रोपं दूर दूर उभी होती, बाजार उठल्यावर मागं राह्यलेल्या माणसांसारखी. आता ह्यांच्यावर पुन्हा चुकीचं पाणी पडलं त संपलं. दुसऱ्यांदा चुकायले जागा नव्हती.

मी वयनीच्या दारात जाऊन उभा राह्यलो.

"वयनी, आमची बाई डाळीसाठी पानी कुठून आने?"

"नाल्यातल्या झिऱ्यातून. आमी नळ आल्यावर सोडून देल्लं, थेच एकटी जाये. तुमी वावरात गेले की निंगे घागर घेऊन."

"मंग मी धोवन मांगत होतो तवा काहून नाई सांगतलं?"

"तुमी धोवन मांगतलं, मी धोवन देल्लं. भाऊजी, मानूस गेलेल्या घरचं कोनी काही मांगतलं त कायले म्हनू का मी?"

मी तसाच मागं फिरलो.

घरी येऊन तिची तांब्याची घागर पाहिली. बुडाशी बारीक रेती होती. बोरच्या पाण्याले रेती येत नाही. घागर रोज माह्या डोळ्यापुढं होती, पण मी कधी वाकून आत पाहिलं नव्हतं.

झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा. रेतीतून पाणी पाझरून त्यात जमते. वरून नाला कोरडा, खाली पाणी. मी नाल्यानं वर गेलो आन करंजाच्या झाडाखाली तो सापडला. तिनं काठानं गोटे रचलेले, कुत्रे तोंड घालू नये म्हणून वरून बाभळीची फांदी टाकलेली. फांदीखाली ॲल्युमिनियमची एक वाटी पालथी. ती वाटी आमच्या घरातली. मले वाटत होतं हरवली.

मी फांदी काढली. पाण्यावर साय धरल्यासारखं झालेलं. इतके दिवस कोणी उपसलं नव्हतं. आन थोडं वरच्या अंगाले, नाल्यातच, अळीच्या औषधाचा रिकामा डबा पडलेला. कोणी तरी हरभऱ्यावर फवारून फेकला असणार. तिच्या वेळी होता का तो डबा? का मागून पडला? आता हे पाणी डाळीचं आहे का नाही? नसेल त मी कुठं जाऊ?

डबा उचलून काठावर दूर गोट्याखाली दाबला. मग बसलो आन वाटीनं झिरा उपसू लागलो. सारं पाणी काढलं, रेती साफ केली. हळूहळू पुन्हा भरे, पुन्हा मी काढे. उन्हं करंजाच्या खाली आली. शेवटी पाणी असं आलं की खालचा एक एक खडा दिसावा. काठच्या गोट्याखालून एक लहान बेडूक निघाला आन पाण्यात पडला. मी त्याच्याकडं पाहत बसलो. तो पोहून राह्यला होता, डोळे वर करून. औषध असतं त बेडूक राह्यला नसता, असं मी स्वतःले सांगतलं. तरी पुरतं पटलं नाही. घागर भरली, खांद्यावर घेतली. पूर्ण वाट ती मले तोल सांभाळू देईना. आमची बाई डोक्यावर नेत असे, हात न लावता.

थोरलीनं नव्यानं डाळ टाकली. आमी दोघंही गॅसपाशी बसलो, जसं घरात कोणाचा ताप उतरायची वाट पाहून राह्यलो. तिनं पळीवर एक दाणा घेतला, अंगठ्यानं दाबला. दाबला गेला. थोड्या वेळानं मले म्हणे, "तुमी दाबा." मी दाबला. लोणी. गंजात डाळ फुटून पिवळं एक झालं होतं.

"हेच थे," ती म्हणे.

"डाळ शिजली हे खरं. पन औषध असंन त डाळ शिजूनही कळनार नाई."

"मंग खा आन पाहा. सकाळी उठले त रोपाले द्या."

"नाई उठलो त?"

"त मंग वांगे लावून खाईन कोन? जेवा."

मी जेवलो. त्या वरणाची चव माह्या ओळखीची होती. घास घेतला आन तेवढा वेळ मले वाटलं, ती मागं परसात आहे आन आत्ता आत येईन. मी मागच्या दाराकडं पाहिलं. थोरली पाहत होती, पण तिनं मुद्दाम भांडी घासायले काढली.

सकाळी मी उठलो. वावरात गेलो नाही. घागर घेऊन झिऱ्यावर गेलो, फांदी काढली, वाटीनं भरलं, आन बेडूक आहे का ते पाहिलं. होता. फांदी परत जशी होती तशी टाकली, वाटी मात्र संगं आणली. घरी येऊन घागर वाफ्यापाशी ठेवली आन लगेच पाणी टाकणार होतो, तर थोरली दारातून म्हणे, "इतकं गार? माघाचं पानी हाय थे. ऊन लागू द्या त्याले."

तवा मले कळलं की आमची बाई रोज घागर तिथं झाकून कायले ठेवून देई. मी समजे, ओझं लागलं म्हणून टेकवली.

मी वाफ्यापाशी बसून राह्यलो. ऊन कढीपत्त्याच्या शेंड्यावर होतं. मग खाली आलं, मग घागरीच्या काठावर. वाफ्यातली माती वरून सुकली होती, राखेचा थर तसाच होता. रात्रीतून एक रोप आडवं झालं होतं, ते काढून बाजूले ठेवलं. बाकीचे उभे होते. उभे होते म्हणजे जगणार असं नाही, हे मले आता माहीत झालं होतं.

घागरीत हात घातला. गार होतं. थांबलो. पुन्हा घातला. आता हाताले टोचत नव्हतं. झारी घेतली नाही, तिच्या धारेनं माना मोडल्या असत्या. तिची वाटी घेतली, कडुनिंबाचा डहाळा त्यात बुडवला आन कोपऱ्यापासून एका एका रोपाच्या बुडाशी शिंपडत गेलो.